भिंतीवरची तारीख

दिवाळी अंकात डासांवर लेख! फराळाच्या ताटात हा कुठला पदार्थ वाढला, असे काही वाचकांना वाटेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडवटपणा जिभेला लावल्याशिवाय फराळाला हात लावायचा नाही, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. हा लेख त्या कारिटाच्या जागी समजावा आणि मग खुशाल चकलीकडे वळावे.

मी नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. अशोकस्तंभापासून निघालेला हा रस्ता गोदावरीची सोबत न सोडता आनंदवल्ली, सोमेश्वर आणि गंगापूर गाव ही ठिकाणे घेत धरणाकडे जातो. या रस्त्याला इतिहास थोडाथोडका नाही. आनंदवल्लीला राघोबादादांचा मुक्काम होता आणि त्या गावाचे नाव आनंदीबाईंची आठवण सांगते. सोमेश्वरचे देऊळ आणि त्यापुढचा धबधबा पाहायला पिढ्यान् पिढ्या माणसे जात आली आहेत. स्वातंत्र्यानंतर उभे राहिलेले गंगापूरचे मातीचे धरण तर नाशिककरांच्या अभिमानाचाच विषय. पण राजवाडे, देवळे आणि धरणे यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आज सांगायचा आहे तो या सर्वांच्या आसपास साचून राहिलेल्या पाण्याचा, त्या पाण्यात जन्मणाऱ्या चिमुकल्या जीवाचा, आणि त्याच्यामागे शंभराहून अधिक वर्षे धावत असलेल्या सरकारचा इतिहास.

आपल्या भाषेत एक मोठा बोलका प्रयोग आहे: ‘तिकडचे पाणी लागते.’ माझे बालपण नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात गेले. पेठ-सुरगाण्याच्या बाजूला कुणाची बदली झाली, की घरातील वडीलधारी माणसे त्याला पहिली सूचना देत ती हीच. तो बिचारा पाणी उकळून पिई, गाळून पिई, तरी भाद्रपद-आश्विनात थंडी वाजून ताप भरायचा तो भरेच. लोक म्हणत, पाहा, पाणी लागले! लोकांचे चुकत होते असे कसे म्हणावे? पाणीच लागत होते. फक्त ते पोटात गेलेले नव्हे, तर घरामागच्या डबक्यात उभे राहिलेले.

या तापाला आपण हिवताप म्हणतो. हिव म्हणजे थंडी. आधी दात कडकडा वाजतात, मग अंग भाजून निघते आणि शेवटी घाम फुटून माणूस चोळामोळा होऊन पडतो. दुसऱ्या दिवशी तो जरा हिंडूफिरू लागतो, आणि तिसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पाहुणा पुन्हा हजर! म्हणून लोक त्याला एकांतरा म्हणत. आपल्या जुन्या वैद्यांनी तर या विषमज्वराचे अन्येद्युष्क, तृतीयक, चातुर्थिक असे वेळापत्रकासह वर्ग पाडून ठेवले होते. ताप वारंवार येत राहिला की पोरांच्या डाव्या कुशीत प्लीहा वाढून हाताला लागे. त्याला आमच्याकडे ‘पानथरी आली’ म्हणत. पुढे हिवतापाचे डॉक्टर गावात आले की शाळेतल्या मुलांना ओळीने निजवून प्रत्येकाची पानथरी चाचपून पाहत आणि शंभरांत किती मुलांची वाढली आहे, त्यावरून त्या गावात रोग किती मुरला आहे ते ठरवीत. वैद्यांना ताप ठाऊक होता, त्याचे वार ठाऊक होते; ठाऊक नव्हता तो फक्त त्याला घेऊन येणारा.

तो सापडला आपल्याच देशात. अल्मोड्याला जन्मलेला रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर सिकंदराबादेस सूक्ष्मदर्शकावर डोळे फोडत बसला होता. हुसेनखान नावाच्या एका रुग्णाला त्याने दर डासामागे एक आणा देऊन डासांकडून चावून घेतले आणि अशाच एका डासाच्या पोटात १८९७ च्या ऑगस्ट महिन्याच्या २० तारखेला त्याला हिवतापाचे जंतू दिसले. या शोधासाठी रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेनखानाच्या वाट्याला आले ते आणे. विज्ञानाच्या इतिहासात अशा हुसेनखानांची नावे क्वचितच टिकतात; हे एक टिकले, एवढेच समाधान.

शत्रू कळला तरी तो आवरणार कसा? तोपर्यंत सरकारजवळ एकच शस्त्र होते, ते म्हणजे क्विनाइन; आमच्या आजीच्या भाषेत ‘कोयनेल’. निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड करून त्याच्या सालीपासून हे औषध काढीत आणि त्याच्या पुड्या पोस्टाच्या कचेऱ्यांतून स्वस्तात विकत. पत्राबरोबर औषधही पोस्टात मिळावे, ही कल्पना मोठी सुरेख होती. पण पुडी घेणारा बरा होई, एवढेच. डबके होते तिथेच राही, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा नवी पुडी.

डबक्याशी झालेली पहिली मोठी लढाई पाहायची तर थोडे मुंबईला जाऊन यावे लागेल, कारण गंगापूर रोडवर आज जे चालले आहे त्याची नांदी तिथे झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत गोद्यांचे बांधकाम चालू असताना हिवतापाने कहर केला. तेव्हा डॉ. बेंटली यांना चौकशीसाठी नेमले आणि त्यांचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. शहरातला हिवताप दलदलीतून येत नाही, तो घरोघरच्या विहिरींतून आणि टाक्यांतून येतो, असे त्यांनी दाखवून दिले. स्टीफन्सी या जातीचा डास मोठा नागर वृत्तीचा! त्याला गटाराचे पाणी चालत नाही. स्वच्छ, थंड, सावलीतले पाणी हवे. नगरपालिकेने विहिरी बुजवा किंवा झाका, अशा नोटिसा बजावण्यास सुरुवात केली आणि एकच गदारोळ उडाला. हिंदूंना पूजेला विहिरीचे पाणी हवे, पारशी बांधवांना अग्यारीला हवे. नळाचे पाणी धर्माला चालेल की नाही, यावर वाद झडले. अखेर पुष्कळ ठिकाणी मधला मार्ग निघाला. विहीर झाकायची, पण पाणी काढण्यापुरती एक झडप ठेवायची. देवाचेही राहिले आणि डासाचेही दार बंद झाले. १७२५ साली खोदलेली भिखा बेहराम यांची विहीर चर्चगेटजवळ आजही पाहायला मिळते. सरकार, शास्त्र आणि श्रद्धा या तिघांना एकाच विहिरीच्या काठावर बसवून तोडगा काढता येतो, हा धडा मला त्या काळच्या सर्व औषधांहून मोलाचा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धाने एक नवे अस्त्र हाती दिले. पॉल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखला; त्यालाही १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या पावडरीची खुबी अशी, की डासाच्या मागे धावायचे कारणच उरले नाही. रात्री रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी जवळच्या भिंतीवर विसावा घेते. भिंतीवर एकदा डीडीटीचा हात फिरवून ठेवला, की ती बसेल तेव्हा तिच्या पायांना विष लागते. तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी हे काम हाती घेतले. धारवाड आणि कारवार या त्या वेळी मुंबई प्रांतात मोडणाऱ्या जिल्ह्यांतील खेड्यांत त्यांनी महायुद्ध संपतासंपता प्रयोग मांडला आणि तो असा काही यशस्वी झाला, की पुढे साऱ्या देशाने तो कित्ता गिरवला. भारत सरकारचा राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला, त्याच्या मुळाशी आपल्याच प्रांतातला हा अनुभव होता.

त्या वेळचे आकडे वाचून आजही अंगावर काटा येतो. देशात दर वर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत. दगावणारांपेक्षाही न दगावलेल्यांची कथा करुण होती, कारण ताप यायचा तो नेमका सुगीच्या तोंडावर. पीक शेतात उभे आणि कुणबी घोंगडीत आडवा.

यानंतरचा भाग मात्र मी डोळ्यांनी पाहिला आहे. खाकी कपड्यांतील चारपाच माणसे गावात यायची. एकाच्या पायाखाली पंप, दुसऱ्याच्या हातात लांब नळी, तिसऱ्याच्या डोक्यावर बादली. भांडीकुंडी, धान्य, अंथरुणे अंगणात काढायची आणि घराच्या आतून भिंतींवर पांढुरके पाणी फवारायचे. त्याचा एक उग्र वास दिवसभर नाकात बसे. पडवी झाली, माजघर झाले, की गाडी देवघरापाशी अडे. माझी आजी दारात उभी राहून म्हणे, “बाबांनो, सगळीकडे मारा, पण माझ्या देवांच्या अंगावर नको.” त्यांतला वयस्क फवारणीवाला मोठा समजूतदार होता. तो म्हणे, “आजी, देव तेवढे तुम्ही उचलून घ्या, भिंत आम्हांला द्या.” आजी देव्हारा पदराखाली धरून अंगणात उभी राही आणि भिंत सरकारच्या ताब्यात जाई. मुंबईच्या विहिरीचा तोडगा आमच्या पडवीत पुन्हा निघाला होता, आणि त्या माणसाने बेंटलीसाहेबाचे नावही ऐकले नसेल!

काम झाले की दाराशेजारच्या भिंतीवर ते तारीख रंगवून जात. १९५८ साली नियंत्रणाचा कार्यक्रम निर्मूलनाचा झाला आणि त्यानंतर काही वर्षांत आणखी एक माणूस येऊ लागला. तो दर पंधरवड्याला दारात उभा राही. “घरात कुणाला ताप आहे का? येऊन गेला का? पाहुणा कुणी आला आहे का?” एवढेच विचारी. ताप असला, की बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेई, क्लोरोक्विनच्या गोळ्या समोर गिळायला लावी आणि भिंतीवर तारीख टाकून पुढच्या घरी जाई. आम्ही पोरे त्याला पाहताच बोटे मुठीत लपवून पळत असू. त्या भिंतीवर एकाखाली एक तारखांची उतरंड लागलेली होती. ऊन असो, नदीला पूर असो, तारखांतले अंतर पंधरा दिवसांचेच. माझ्या मते हिवताप ज्याने खरोखर हटवला तो डीडीटी नव्हे, ही तारीख.

त्याचे फळ डोळे दिपवणारे होते. १९६१ साली देशभरातील रोग्यांची नोंद पन्नास हजारांच्या आसपास उतरली, आणि १९६५ साली हिवतापाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. आठ लाखांवरून शून्यावर! आता हा रोग पुस्तकांतच उरणार, असे शहाणीसुरती माणसे बोलू लागली.

पण घरात मात्र वेगळेच चालले होते. पहिल्या फवारणीने डासांबरोबर ढेकूणही मेले आणि गृहिणींनी सरकारला दुवा दिला. चारदोन वर्षांत ढेकणांना डीडीटी पचू लागला. ते मरेनात, उलट या औषधाने चेव येऊन बाहेर पडतात, असे लोक म्हणू लागले आणि फवारणीवाल्यांना दारातून परत धाडू लागले. दुसरी अडचण आपल्या सणाची. फवारणी व्हायची पावसाळ्यात, तिचा अंमल भिंतीवर दोनतीन महिने टिकायचा. आणि हिवतापाचा जोर ऐन भरात असताना नवरात्र-दिवाळीसाठी घरोघर भिंती सारवल्या जायच्या, चुन्याचा हात फिरायचा. लक्ष्मी यावी म्हणून केलेल्या त्या सारवणाखाली सरकारचे औषध गाडले जाई, आणि तारीखही पुसली जाई. यात दोष कुणाचा? बाया आपला धर्म पाळीत होत्या आणि खाते आपले वेळापत्रक पाळीत होते. एकमेकांचे पंचांग मात्र दोघांनी पाहिले नाही.

खुद्द डासही स्वस्थ बसला नव्हता. आपल्या ग्रामीण भागातला मुख्य वाहक क्युलिसिफेसिस. नदीचा पूर ओसरल्यावर पात्रात राहिलेले डोह, पाटाच्या कडेची गळती, भाताची खाचरे ही याची माहेरघरे. याला डीडीटी पचू लागल्याचे १९५९ सालीच पंचमहाल जिल्ह्यात आढळले; तो जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. म्हणजे विजयाचे नगारे अजून वाजायचे होते, तेव्हाच शत्रूने चिलखत चढवले होते. पुढे १९७३ साली आसामात क्लोरोक्विनला न जुमानणारा जंतूही सापडला. त्यातच तेलाचे भाव भडकले, औषधे महागली आणि वेळेवर मिळेनाशी झाली. आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी, की रोग गेला असे समजून पंधरवड्याने येणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यावर इतर दहा कामांचे ओझे दिले गेले. पंधरवड्याचा महिना झाला, महिन्याचा हंगाम झाला. भिंतीवरच्या तारखा विरळ होत गेल्या.

आणि १९७६ साली देशात हिवतापाच्या चौसष्ट लाखांवर रोग्यांची नोंद झाली.

सरकारने १९७७ साली आपला पवित्रा बदलला. ‘निर्मूलन’ हा शब्द बाजूला ठेवून रोग आटोक्यात ठेवण्याचे अधिक नम्र धोरण स्वीकारले. सरसकट फवारणीऐवजी जिथे हजारी दोन किंवा अधिक रोगी, तिथेच फवारणी. गावोगाव तापाच्या गोळ्या मिळण्याची सोय झाली. शहरांतील हिवतापासाठी १९७१ सालीच वेगळी योजना सुरू झाली होती. तिचा भर फवारणीपेक्षा अळ्या मारण्यावर होता. हा शहाणपणा उशिरा सुचलेला असला, तरी तो टिकला. आज महाराष्ट्रात हिवतापाचे मोठे ओझे उरले आहे ते गडचिरोलीच्या जंगलात आणि मुंबईच्या गर्दीत. २०३० पर्यंत देशातून त्याचे उच्चाटन करण्याचा संकल्प पुन्हा सोडलेला आहे.

आता परत गंगापूर रोडवर येऊ. पन्नास वर्षांपूर्वी मी इथे राहायला आलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना मळे, द्राक्षबागा आणि मोटेच्या जुन्या विहिरी होत्या. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली आणि शहर या रस्त्याने धरणाच्या दिशेने चालू लागले. विहिरी बुजल्या, बंगले आले. बंगले पडून इमारती आल्या. मला वाटले, चला, डबकी गेली, डासही जाईल. पण बेंटलीसाहेबांचा नागर डास हसत असला पाहिजे. आम्ही विहीर जमिनीवरून उचलली आणि गच्चीवर नेऊन ठेवली, एवढाच काय तो फरक! झाकण सरकलेली टाकी, बांधकामाच्या स्लॅबवर साठवलेले पाणी, कुलरची टाकी, फ्रिजमागचे तबक, काचेच्या बाटलीत डोलणारी मनीप्लँटची वेल; शंभर मळ्यांत मिळाल्या नसत्या इतक्या जागा एका इमारतीत आहेत.

आणि त्या जागांवर हक्क सांगायला दुसराच कुणी आला. अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसाउजेडी चावणारा एडिस. याने आणला डेंग्यू आणि चिकुनगुनिया. चिकुनगुनिया आपल्याला अगदीच अनोळखी नव्हता. १९७३ साली बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती. नंतर तो तीस वर्षे दडून बसला आणि २००६ साली परतला तो आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात. माणसे सांधे धरून भिंतीच्या आधाराने चालत होती, हे अनेकांना आठवत असेल. डेंग्यू तर आता दर पावसाळ्यात गंगापूर रोडवरच्या कुठल्या ना कुठल्या घरी मुक्कामाला असतोच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आजीच्या घरची भिंत सरकारला मिळाली आणि काम झाले. एडिसला भिंत लागत नाही. तो पडद्याच्या घडीत, टेबलाखाली, कपड्यांच्या आड बसतो. रस्त्यावर धुराची गाडी फिरली, की लोकांना बरे वाटते, पण त्या धुराने उडते डास तेवढे मरतात. कुंडीखालच्या बशीतली अळी धुराकडे पाहतही नाही. अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस पाण्याची सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करा, असे आरोग्य खाते कानीकपाळी ओरडून सांगते. ‘कोरडा दिवस’ म्हणतात तो हाच. घासायचे अशासाठी, की एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाण्यावाचून कित्येक महिने जिवंत राहतात. या दिवाळीला माळ्यावर टाकलेली बादली पुढच्या आषाढात भरली, की त्यातून या वर्षीचेच डास निघतात.

आजही दारात माणूस येतो. बहुधा ती एखादी तरुण मुलगी असते. हातात विजेरी, खांद्याला पिशवी, पिशवीत अळ्या मारायचे अ‍ॅबेट. “काका, पाणी साठवलेलं कुठं आहे का? गच्ची पाहू द्याल?” एवढेच ती विचारते. आमच्या परिसरातल्या कितीतरी इमारतींत पहारेकरीच तिला परत लावतो. ‘साहेब झोपलेत’, ‘मालक परगावी आहेत’, ‘आमच्याकडे सगळे स्वच्छ आहे’. जिथे फरशीत तोंड दिसते, तिथे अळी असेल हे घरमालकाला पटत नाही. आजी अडाणी होती, तिला जंतू ठाऊक नव्हते. पण ती देव पदराखाली घेऊन दारातून बाजूला झाली. आम्ही शिकलेली माणसे दार अडवून उभी आहोत. ही मुलगी तीन मजले चढून आली आहे, आणि अजून तिला कितीतरी मजले चढायचे आहेत. तिला आत घ्यावे, पाणी विचारावे, आणि गच्चीची किल्ली द्यावी. याहून मोठे सार्वजनिक कार्य गंगापूर रोडवर सध्या मला तरी दिसत नाही.

सरकारने काय केले नाही, याची यादी करायला मलाही येते. औषध उशिरा येते, माणसे अपुरी पडतात, काम कंत्राटावर चालते. हे सारे खरे आहे, आणि त्याबद्दल जाब विचारलाच पाहिजे. पण सत्तर वर्षांच्या या इतिहासाचा ताळेबंद मांडला, तर एकच गोष्ट ठळक दिसते. जेव्हा जेव्हा ठरल्या दिवशी माणूस दारात आला आणि दार उघडले गेले, तेव्हा रोग हटला. यांतले एक जरी चुकले, तेव्हा तो परतला. औषधे बदलली, डास बदलले, सरकारे बदलली. हा हिशेब बदलला नाही.

दिवाळीची आवराआवर अजून व्हायची असेल, तर गच्ची आणि माळा तेवढा विसरू नये. जुन्या कुंड्या, डबे, टायर यांना मोडीत काढावे. ठेवायचे ते घासून पालथे घालावे. आणि नवी दिनदर्शिका भिंतीवर लावताना आठवड्यातल्या एका वारापुढे खूण करावी. पूर्वी सरकार आपल्या भिंतीवर तारीख लिहून जात असे. आता ती आपल्या हाताने लिहायची वेळ आली आहे.